शंभरीच्या स्मरणिकेआधी कपाटं उघडा

प्रति,
विश्वस्त मंडळ आणि कार्यकारिणी सदस्य,
मुंबईतल्या सर्व जुन्या व्यायामशाळा व जिम्नॅस्टिक्स केंद्रं

विषय : संस्थेचा इतिहास लिहून काढण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बऱ्याच संस्थांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराची स्थापना १९२५ची, म्हणजे त्यांची शंभरी भरली. गिरगाव, परळ, लालबाग, पार्ले इथल्या काही संस्थाही त्याच वाटेवर आहेत. असं वर्ष आलं की समित्या नेमल्या जातात, हॉल ठरतो आणि स्मरणिका निघते. मी अशा स्मरणिका जमवते. शुभसंदेश, जाहिराती, पदकं मिळवलेल्या मुलांची यादी, पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि या सगळ्यात ‘संस्थेची वाटचाल’ म्हणून दोन पानं. ती दोन पानं पुष्कळदा आधीच्या स्मरणिकेतून जशीच्या तशी घेतलेली असतात, शेवटचा परिच्छेद तेवढा नवा. माझी कळकळीची विनंती आहे की या खेपेला कामाची सुरुवात तुमच्या ऑफिसातल्या कपाटापासून करा. संस्थेचा इतिहास नीट लिहून काढा आणि तो आत्ताच काढा. सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढं गेली आहेत आणि इमारती पाडायला निघाल्या आहेत.

मी शाळेत असताना मध्य मुंबईतल्या एका व्यायामशाळेत दोरीचा मल्लखांब शिकले. पुढं तिथंच मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवलं. इमारत पुनर्विकासात गेली तेव्हा सामान हलवण्याच्या घाईत ऑफिसमधली दोन लोखंडी कपाटं आतल्या कागदांसकट भंगारवाल्याकडे गेली. मुद्दाम कुणी केलं नाही. ट्रॉफ्या सगळ्यांनी मिळून वर्तमानपत्रात गुंडाळल्या, नीट खोक्यांत भरल्या, त्यांची यादीसुद्धा केली. कागदांची यादी करावी हे कुणाला सुचलं नाही, कारण ते कागद म्हणजे काहीतरी आहे असं कधी कुणी म्हटलंच नव्हतं.

त्या कपाटांत हजेरीपट होते. मी ते पाहिले होते, म्हणून इतकं सांगू शकते. लांबट वह्या, लाल कापडी पुठ्ठा, आत हातानं आखलेले रकाने. नाव, वय, पत्ता, वडिलांचा धंदा, वर्गणी. त्यापुढं उंची, वजन, दंड, छाती साधी आणि छाती फुगवून. दर सहा महिन्यांनी मोजमाप व्हायचं आणि आकडा जुन्या आकड्याच्या खाली लिहिला जायचा. एखाद्या पोराच्या छातीत दीड इंचाचा फरक पडला की शेजारी लाल शाईनं बरोबरची खूण. काही नावांपुढं ‘वर्गणी माफ’ आणि खाली गुरुजींची सही. गिरणी कामगाराचा मुलगा, पोस्टमनचा मुलगा, खानावळवाल्या बाईंचा मुलगा. पत्त्यात चाळीचं नाव, खोली नंबर, मजला.

हा नुसता व्यायामशाळेचा हिशेब नाही, हा या शहराचा कागद आहे. जानेवारी १९८२मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांचे हजेरीपट ज्यांच्याकडे शिल्लक असतील त्यांनी ते एकदा उघडून बसावं. किती नावं मध्येच तुटली, किती जणांपुढं ‘गावी गेला’ असा शेरा आहे, ‘वर्गणी माफ’ किती वाढली, वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात गिरणीच्या जागी काय येऊ लागलं, हे सगळं तिथं असेल. गिरणगावावर खूप लिहिलं गेलंय. पण संपाच्या काळात संध्याकाळी सहाला लंगोट लावून मल्लखांबासमोर उभ्या राहणाऱ्या मुलांचं काय झालं, ते तुमच्या वहीतच सापडेल.

मुलींबद्दल तर जास्तच सांगायला हवं. आखाडा ही पुरुषांची जागा. कुस्तीचा हौदा, तेल-ताक-हळद घालून मळलेली तांबडी माती, दाराला हनुमानाची तसबीर, आणि मुलींनी उंबऱ्याबाहेरून बघायचं. मग तुमच्या संस्थेत पहिली मुलगी आत कधी आली? कुणी आणली? तिच्या घरचे काय म्हणाले, संस्थेत कोण विरोधात होतं, कोण पाठीशी उभं राहिलं? मुलींची वेळ कोणती ठरली? आमच्याकडे ती दुपारी तीनची होती, कारण त्या वेळी पुरुष नसत. उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी तीनला दोरीवर चढणं म्हणजे काय असतं, हे ज्या चढल्या त्यांनाच ठाऊक. पायाच्या अंगठ्यात दोरी धरायची, अढी घालायची, आणि मांडीला घाम सुटलेला असताना ती अढी सुटू द्यायची नाही. सुरुवातीला आम्ही सलवारीवर करायचो. शॉर्ट्स कधी आल्या आणि त्यासाठी किती पालकसभा झाल्या, हे माझ्या एका ज्येष्ठ मैत्रिणीला नेमकं आठवतं. तिची स्मरणशक्ती चांगली आहे तोवर तिच्यासमोर फोन ठेवून ते रेकॉर्ड करायला हवं. ‘मुलींसाठी स्वतंत्र वर्ग सुरू झाला’ हे स्मरणिकेतलं एक वाक्य तिच्या पिढीसाठी फार अपुरं आहे.

आता साधनांकडे येते. मल्लखांब सागवानाचा किंवा शिसवीचा, आणि त्याला एरंडेल. वर्षानुवर्षांच्या एरंडेलानं खांब काळपट होतो आणि मानेपाशी झिजतो. खांब कुणी दिला, कुठल्या सुतारानं घडवला, किती वेळा बदलला, हे तुमच्यातल्या एखाद्या जुन्या सभासदाला नक्की माहीत असेल. जिम्नॅस्टिक्सची साधनं आली ती पुढं, आणि ती आली तशी घेता येण्याजोगी नव्हती. बॅलन्स बीम पाच मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच असतो. आम्ही आधी फरशीवर खडूनं दोन रेघा मारून त्यांच्यामध्ये चाललो, मग एका लाकडी तुळईवर, आणि खरा बीम फार उशिरा पाहिला. गाद्या काथ्याच्या. पावसाळ्यात त्या ओल धरायच्या आणि दगडासारख्या व्हायच्या. दीपा कर्माकरचं रिओ ऑलिंपिकमधलं, २०१६चं कांस्यपदक ०.१५ गुणांनी हुकलं तेव्हा सगळ्या देशाला कळलं की आगरतळ्यात तिच्या प्रशिक्षकांनी सुरुवातीला जुन्या स्कूटरच्या सुट्या भागांतून व्हॉल्टचं, म्हणजे धावत येऊन हात टेकून उडी घेण्याचं, साधन जुळवलं होतं. ते कळलं, कारण कुणीतरी विचारलं आणि लिहिलं. असे जुळवाजुळवीचे किस्से तुमच्यातल्या प्रत्येक संस्थेत आहेत. डबल बारचा दांडा मोडल्यावर तो कुणी दुरुस्त केला? रोमन रिंगची चामड्याची पट्टी कुठल्या चांभारानं शिवली? स्प्रिंगबोर्डच्या स्प्रिंगा कुठल्या बाजारातून आल्या? या माणसांची नावं कुठल्याच कोनशिलेवर नाहीत.

फोटोंवर तारखा नसतात अशी तक्रार मी नेहमी ऐकते. साधनं पाहून निदान काळ तरी लावता येतो. व्हॉल्टसाठी लांबट घोडा दिसला तर फोटो बहुधा २००१च्या आधीचा, कारण त्या वर्षी आंतरराष्ट्रीय स्पर्धांत घोड्याची जागा टेबलानं घेतली. आपल्याकडे घोडा त्यानंतरही काही वर्षं टिकला असेल, पण टेबल दिसलं तर फोटो नक्की नंतरचा. मुलींच्या अनइव्हन बारचे दोन दांडे एकमेकांच्या अगदी जवळ असतील तर फोटो आणखी जुना. गाद्या, पोशाख, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं बघा. फोटोच्या पाठीमागे स्टुडिओचा शिक्का असतो, तोही उतरवून घ्या.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती शिकवण्याच्या पद्धतीची. ‘गुडघे ताण’, ‘पंजे’, ‘मान आत’, ‘कोपरं सोडू नकोस’ एवढ्या चार हाकांत सर आम्हाला हवेत असताना दुरुस्त करायचे. सपोर्टला कुठं उभं राहायचं, हात पाठीला लावायचा की मांडीला, कोणत्या क्षणी काढून घ्यायचा, हे कुठल्याच पुस्तकात आम्ही वाचलं नाही. सरांच्या हाताखाली उभं राहून शिकलो. १९६१मध्ये पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली, तिथून पदविका घेऊन आलेले प्रशिक्षक हळूहळू मुंबईत शिकवू लागले आणि जुन्या वस्तादांच्या शिकवण्याला नव्या पद्धतीची जोड मिळाली. दोघांचं पटलं का? कशावरून खटके उडाले? १९७६च्या ऑलिंपिकमध्ये रुमानियाची जिम्नॅस्ट नादिया कोमानेचीला दहापैकी दहा गुण मिळाले, १९८२च्या एशियाडच्या वेळी टीव्ही रंगीत झाला. त्यानंतर जिम्नॅस्टिक्सलाच नाव घालायचंय म्हणून येणारी मुलं वाढली का, आणि मल्लखांबाची कमी झाली का? ज्या प्रशिक्षकांनी हा काळ पाहिला ते आज घरी बसून आहेत. त्यांच्याकडे जा. एक बैठक पुरणार नाही. पहिल्या भेटीत ते फक्त पदकं सांगतील. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत एखादा जुना फोटो समोर ठेवलात की मग खरं बोलणं सुरू होईल.

लिहून न ठेवल्यानं काय होतं ते मल्लखांबाइतकं दुसरं कुणी जाणत नाही. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लखांबाचा उल्लेख येतो, आणि त्यानंतर आपण एकदम पेशवाईच्या अखेरीला, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांपाशी येऊन पोचतो. अली आणि गुलाब या मल्लांचं आव्हान, सप्तशृंगीवरची उपासना, मारुतीचा दृष्टांत ही कथा प्रत्येक मल्लखांबपटूला पाठ असते. कथा आहे म्हणून बाळंभटदादा आहेत. पण त्यांचे शिष्य, त्यांचे रोजचे धडे, त्यांची भांडणं कथेत मावली नाहीत. याउलट बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदारांनी दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ केला, म्हणून आज कुणालाही जुन्या मल्लखांबाच्या पकडी, दसरंग, फरारे अशा कसरती पडताळून पाहता येतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६मध्ये बर्लिनला प्रात्यक्षिकं करून आलं, आणि ते आजही सन्मानानं सांगितलं जातं, कारण त्या संस्थेनं ती आठवण जपली. मुंबईनं काय कमी केलं आहे? फेब्रुवारी २०१९मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा शिवाजी पार्कला झाली. २०२४मध्ये मल्लखांबाचे प्रशिक्षक उदय देशपांडे सरांना पद्मश्री मिळाली. पन्नास देशांतल्या पाच हजारांहून अधिक जणांना त्यांनी शिकवल्याची नोंद त्या वेळी झाली. त्यामागं याच शहरातल्या मैदानांवर पहाटे आणि संध्याकाळी फुकट शिकवणाऱ्या शेकडो हातांची मेहनत आहे, आणि त्या हातांची नोंद तुम्हीच करू शकता.

कपाटात काहीच उरलं नसेल तरी निराश होऊ नका. तुमची संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तुमची फाइल आहे. नोंदणीच्या वेळचा अर्ज, घटना, पहिल्या विश्वस्तांची नावं, मिळकतीचं परिशिष्ट, वेळोवेळी दिलेले फेरफार अर्ज, लेखापरीक्षण अहवाल. नक्कल मागण्याचा अर्ज करा. एखाद्या वर्षीच्या जमाखर्चात ‘काथ्याच्या गाद्या’ अशी ओळ सापडली की पुढची दहा माणसं आपोआप आठवतात. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुनी नियतकालिकं आहेत. ‘नवाकाळ’, ‘लोकसत्ता’, ‘महाराष्ट्र टाइम्स’ यांच्या जुन्या अंकांत स्थानिक स्पर्धांचे निकाल छापून येत. विसाच्या-तिसाच्या दशकातल्या काही वह्यांत मोडी असेल. ती वाचता येत नाही म्हणून बाजूला टाकू नका, मोडी शिकलेली तरुण मुलं आता बरीच आहेत आणि ती आनंदानं येतात.

कागद सापडले की दोन गोष्टी पाळा. फोटो आणि दाखले लॅमिनेट करू नका, आणि फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत चिकटा पिवळा पडून कागदाला खातो. वह्या जमिनीपासून वर ठेवा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरच्या संस्थांना त्या दिवसाबद्दल मी काही सांगायला नको. आणि मूळ वह्या कुणाच्याही घरी नेऊ देऊ नका, अध्यक्षांच्यासुद्धा नाही. तिथंच बसून, खिडकीच्या उजेडात, मोबाइलवर प्रत्येक पानाचा सरळ फोटो काढा आणि त्याच्या प्रती निदान तीन वेगवेगळ्या माणसांकडे ठेवा.

पुनर्विकासाचा आणि इतिहासाचा संबंध काय, असं काही जण विचारतील. थेट संबंध आहे. विकासकाच्या नकाशावर तुमची जागा ‘फिटनेस सेंटर’ किंवा ‘सोसायटी हॉल’ म्हणून येते, आणि नेहमीच्या मजल्याची उंची मिळते तीन मीटरच्या आसपास. हॉरिझॉन्टल बार आणि रिंग जमिनीपासून २.८० मीटरवर असतात. बारवर हँडस्टँडला गेलेल्या मुलाला वर आणखी दोन मीटर लागतात. म्हणजे पाच मीटरहून कमी उंचीच्या हॉलमध्ये ट्रेडमिल बसतील, जिम्नॅस्टिक्स बसणार नाही. व्हॉल्टच्या धावेला पंचवीस मीटरपर्यंत लांबी लागते, ती वेगळीच. इथं अमुक सालापासून रोज संध्याकाळी एवढी मुलं एवढ्या उंचीच्या साधनांवर सराव करत होती, हे हजेरीपट, फोटो आणि लेखापरीक्षण अहवाल पुढं टाकून सांगितलंत तर तुमचं ऐकावं लागतं. नुसतं ‘आमची फार जुनी संस्था आहे’ म्हटलं तर वाटाघाटीच्या टेबलावर त्याला किंमत नसते. आमच्याकडे दाखवायला कागद उरले नव्हते. आम्हाला पहिल्या मजल्यावर एक खोली मिळाली. तिथं योगाचे वर्ग चालतात, चांगले चालतात, पण उलटी उडी मारायला शिकलेलं मूल तिथून पुन्हा निघणार नाही.

आणखी एक बोलायचंय, आणि ते जरा अवघड आहे. इतिहास लिहाल तेव्हा अडचणीच्या गोष्टी वगळू नका. कुठल्या काळात कुठल्या जातीच्या मुलांना आखाड्यात येऊ दिलं जात नव्हतं, आणि ते कुणी मोडून काढलं? कुणाचा मणका दुखावला, कुणाचा हात कायमचा अधू झाला, त्यानंतर संस्थेनं काय केलं? संस्थेत फूट का पडली, वेगळे झालेले लोक कुठं गेले? वेगळे झालेल्यांनी पुढच्या गल्लीत जी व्यायामशाळा काढली तीही तुमच्याच इतिहासाचा भाग आहे. त्यांच्याकडच्या फोटोंत तुमचे गुरुजी आहेत. जाऊन मागा. इतक्या वर्षांनी बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. ज्या मुलाला दुखापत झाली त्याच्या घरीही जा, तो आता पन्नाशीचा असेल आणि कदाचित त्याला तुमच्याबद्दल राग असेल. त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत छापा.

हे काम एकट्या सचिवानं करण्याजोगं नाही. प्रत्येक संस्थेत सकाळच्या बॅचला येणारे निवृत्त सभासद आहेत, बँकेत, टपाल खात्यात, शाळांत आयुष्य काढलेले, कागद हाताळायची सवय असलेले. कॉलेजला जाणारी मुलं आहेत, त्यांना फोनवरून आवाज रेकॉर्ड करून टंकून देता येतो. दोघांना एका टेबलाशी बसवा. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘संस्थेच्या कागदपत्रांची व आठवणींची नोंद’ असा स्वतंत्र विषय घ्या, त्यासाठी पाच जणांची उपसमिती नेमा आणि तीत निदान दोन माजी विद्यार्थिनी ठेवा. थोडी रक्कम मंजूर करा. कपाटं, स्कॅनिंग आणि नकला यांचा खर्च फार नाही, बक्षीस समारंभाच्या मंडपापेक्षा कमीच येईल.

माझ्याजवळ वेगवेगळ्या संस्थांच्या ज्या स्मरणिका आहेत त्यांच्या प्रती मी मागेल त्या संस्थेला द्यायला तयार आहे. वर्गातल्या मुलींचे माझ्याकडचे फोटो आणि त्यांच्या मागे लिहिलेली नावंही देईन, त्या-त्या मुलींना विचारून. हजेरीपट वाचायला माणूस हवा असेल तर रविवारी सकाळी मी येऊ शकते. डोळे अजून चांगले आहेत.

आपली नम्र,
एक माजी विद्यार्थिनी व प्रशिक्षक
दादर, मुंबई